टिकतं का गं ते?

परवा वाढदिवसाला आत्यानं पाचशेची नोट हातात ठेवली आणि म्हणाली तुला काय पाहिजे ते घे, आणि तिथंच सगळा घोळ झाला. कारण मला एक लिपस्टिक पाहिजे होती आणि एक पुस्तक, आणि ते पुस्तक नवं घ्यायचं तर एकट्याचेच पाचशेच्या वर होतात. मग मी आणि माझी मावसबहीण कोल्हापुरात महाद्वार रोडला दोन तास नुसत्या फिरलो, शेवटी भवानी मंडपाच्या कडेला बसून शेंगा खाल्ल्या आणि काहीच न घेता घरी आलो.

घरी आल्यावर आईला सांगितलं की लिपस्टिक घ्यायची का पुस्तक ते ठरेना. आईचा एकच प्रश्न, जो ती साडीला विचारते, कुकरच्या रबराला विचारते, बाबांच्या चपलेला विचारते, "टिकतं का गं ते?"

मला आधी राग आला, म्हणजे लिपस्टिक काय आणि कादंबरी काय, टिकायला ते स्टीलचं पातेलं आहे काय. पण नंतर रात्री झोप येईना तेव्हा मी विचार करत बसले आणि मला पटलं की खरंतर मी पण हेच बघते. पाचवीपासून मी फँटसी, म्हणजे जादूच्या दुनियेतल्या कादंबऱ्या, वाचतेय आणि दोन वर्षं खाऊच्या पैशातून मेकअप घेतेय, आणि ज्या ज्या गोष्टीनं मला फसवलं ती दिसायला एक नंबर होती आणि संध्याकाळपर्यंत उतरली. तर आज त्यावरच लिहिते. मी काही एक्सपर्ट नाही, अठरा वर्षांची आहे, कपाटात एकोणीस पुस्तकं आणि एका कंपासपेटीत सगळा मेकअप आहे, एवढंच माझं शिक्षण.

पुस्तकापासून सुरू करते. माझी पहिली फँटसी इंग्लिश नव्हतीच. पाचवीत असताना बाबांच्या कार्डावर करवीर नगर वाचन मंदिरातून "हॅरी पॉटर आणि परीस" आणलं होतं, बाळ ऊर्ध्वरेषे यांचा अनुवाद. ते वाचनालय १८५० सालचं आहे आणि तिथं जाऊन मी जादूच्या शाळेचं पुस्तक मागितलं याची मला तेव्हा काही गंमत वाटली नव्हती, आता वाटते. पण "परीस" हा शब्द बघा ना. नंतर इंग्लिश वाचलं तेव्हा कळलं की मूळ नावात तत्त्वज्ञाचा दगड वगैरे आहे, आणि मला ते एकदम फिकं वाटलं, कारण परीस म्हटल्यावर आपल्याला कुणी काही समजवावं लागत नाही, लोखंडाला लागला की सोनं, आजीनं कीर्तनात शंभर वेळा ऐकलेलं असतं. ते पुस्तक मी अजून दर मे महिन्यात वाचते. टिकलं.

मग पर्सी जॅक्सन. पहिलं पुस्तक २००५ चं, म्हणजे माझ्याहून मोठं. लेखक रिक रायर्डन शाळेत शिकवायचे, आणि त्यांच्या मुलाला एडीएचडी आणि डिस्लेक्सिया होता, त्याला रात्री झोपताना ग्रीक देवांच्या गोष्टी सांगता सांगता हे तयार झालं. म्हणून पर्सीला पण तेच आहे, आणि त्याचा बाप एक ग्रीक देव असतो. आणि पुस्तकात त्याचं कारण काय दिलंय तर तुझा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला बनलाय म्हणून इंग्लिशची अक्षरं तुझ्यासमोर नाचतात, आणि तुला एका जागी बसवत नाही कारण तू लढाईसाठी जन्मलायस. मी हे माझ्या लहान भावाला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं, त्याला वर्गात दर दोन दिवसांनी बाकावर उभं करतात. तो शांत ऐकत होता (हा चमत्कार) आणि मग म्हणाला, "मग आपले पप्पा कोणते देव?" बाबा तेव्हा गॅलरीत बनियनवर बसून स्कूटरचा प्लग घासत होते. आम्ही दोघांनी त्यांच्याकडं बघितलं आणि विषय सोडून दिला.

आता खरं ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ली बारडूगो या लेखिकेची पुस्तकं. "शॅडो अँड बोन" २०१२ ला आलं आणि "सिक्स ऑफ क्रोज" २०१५ ला, दोन्ही एकाच जगातली. मी उलटं वाचलं, आधी कावळे मग सावली, आणि माझं मत विचाराल तर तसंच वाचा, कारण "शॅडो अँड बोन" ठीक आहे, अनाथ मुलगी, तिच्यात अचानक शक्ती, एक देखणा काळ्या कपड्यातला माणूस ज्याच्यावर विश्वास ठेवू नको असं आपण पुस्तकाला ओरडून सांगत असतो आणि ती ऐकत नाही. एकदा वाचायला मस्त. पण "सिक्स ऑफ क्रोज" म्हणजे नाद खुळा! सहा वाया गेलेली पोरं, एक असा बर्फाचा किल्ला जो कुणालाच फोडता आलेला नाही, आणि काम झालं तर तीन कोटी क्रुगे, क्रुगे म्हणजे त्यांचे पैसे. गाव केटरडॅम, ॲमस्टरडॅमवरून घेतलेलं, कालवे, धुकं, जुगाराचे अड्डे. काझ ब्रेकर सतरा वर्षांचा आहे आणि अख्खी टोळी चालवतो, मला सतराव्या वर्षी एकटीला पन्हाळ्याला सोडत नव्हते.

हे पुस्तक मी तीनदा वाचलंय. पहिल्यांदा पुढं काय होतं म्हणून. दुसऱ्यांदा काझनं कुठं कुठं आपल्याला गंडवलं ते शोधायला. आणि तिसऱ्यांदा फक्त इनेजसाठी. इनेज सुली लोकांतली आहे (पुस्तकातल्या जगातली भटकी जमात), सावळी, डोंबाऱ्यासारखी दोरीवर चालणारी, घरापासून पळवून आणलेली, आणि तिच्याकडं आपल्या माणसांच्या म्हणी असतात, ती कुठल्याही प्रसंगात एखादी म्हण काढते. हे वाचताना मला सारखी गडहिंग्लजची आजी आठवत होती जी प्रत्येक गोष्टीला एक म्हण फेकून मारते आणि वर म्हणते तुला नाही कळायचं.

तर या बाईंबद्दल मला नंतर एक गोष्ट कळली आणि मी अक्षरशः उठून बसले. ली बारडूगो लेखिका व्हायच्या आधी मेकअपचं काम करायच्या! मेकअप आणि स्पेशल इफेक्ट्स. आणि मग मला जेन्या आठवली. "शॅडो अँड बोन"मध्ये जेन्या नावाची मुलगी आहे, तिची जादू म्हणजे ती लोकांचे चेहरे बदलते, डाग घालवते, केसांचा रंग बदलते, डोळ्याखालची काळी वर्तुळं काढते. पुस्तकात तिला टेलर म्हणतात, म्हणजे शिंपी. बाकीचे जादूगार आग लावतात, वारं आणतात, हृदय बंद पाडतात, आणि ही राणीच्या सुरकुत्या काढते म्हणून कुणी तिला जादूगार म्हणून जमेतच धरत नाही, नोकरासारखं वागवतात. मला वाटतं हे असं लिहायला तुम्ही स्वतः कुणाच्या तरी चेहऱ्यापुढं तास तास वाकून उभं राहिलेलं असायला पाहिजे. जेन्याचं पुढं काय होतं ते सांगत नाही पण त्या बाईनं त्या पात्राला सोप्यात सोडलेलं नाही.

म्हणून कुणी म्हटलं ना की एवढी वाचतेस आणि मग ते लिपस्टिक-बिपस्टिक कशाला, तर मी जेन्याचं नाव घेते. समोरच्याला कळत नाही पण मला बरं वाटतं.

आता तक्रार. टीन फँटसीतल्या हिरॉइनी. मी एकदा वहीत लिहून काढायला लागले होते, कातडी चांदण्यासारखी, दुधासारखी, संगमरवरासारखी, डोळे जांभळे नाहीतर चांदीचे, केस चंदेरी, आणि लाजली की गाल गुलाबी. मी लाजले तर माझे गाल गुलाबी होत नाहीत, काहीच होत नाही, मी फक्त विचित्र हसते. आणि गंमत म्हणजे "साधी दिसणारी" म्हणून जी असते ती पण गोरीच असते, फक्त केस तपकिरी. ही अख्खी ड्रॅगनची दुनिया बनवणाऱ्या लोकांना सावळा रंग सुचत नाही?

आणि मेकअपमध्ये पण तेच, तिथं त्याला न्यूड म्हणतात. माझ्या पहिल्या न्यूड लिपस्टिकची कथा ऐका. रीलमध्ये बघितली, एक मुलगी लावत होती, काय दिसत होती, म्हटलं हीच. कंपनीचं नाव घेत नाही. शेड न्यूड, म्हणजे अंगाच्या रंगाची, पण कुणाच्या अंगाच्या? मी लावून बाहेर आले तर आजी म्हणाली, "ताप आलाय का गं, ओठ पांढरे पडलेत." झालं. दोनशे रुपये पाण्यात. त्या दिवशी मी शिकले की आमच्यासारख्या रंगाला न्यूड म्हणजे विटेचा रंग, दालचिनीचा, गुळाचा, आणि हे रंग आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडमध्येच जास्त मिळतात, स्विस ब्युटी, इनसाइट, मार्स, एल १८, यांना गिऱ्हाईक कोण आहे ते माहीत आहे बहुतेक. म्हणजे दीडशे-दोनशेच्या लिपस्टिकला जे जमलं ते सहाशेच्या कादंबरीला अजून जमायचंय, मला तरी असंच दिसतंय.

सगळ्याच कादंबऱ्यांना नाही पण. रोशनी चोक्शींचं "अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम" वाचा, २०१८ चं आहे. अरू अटलांटात राहते, आई म्युझियममध्ये काम करते, आणि अरू शाळेत बढाया मारते, मग त्या निभवायला म्हणून नको तो दिवा लावते आणि नको तो राक्षस सुटतो. तिकडं पांडव पुन्हा जन्माला आलेत आणि ते मुली आहेत. अरू इंद्राची, आणि तिची मैत्रीण मिनी यमधर्माची, जी सगळ्याला घाबरते, जंतूंना, मधमाश्यांना, कशाला पण. आणि अरूनं जगाला वाचवायची मोहीम स्पायडरमॅनच्या नाइट ड्रेसवर सुरू केलीय. आणि मिनीचं शस्त्र काय माहितीय? कॉम्पॅक्ट! पर्समध्ये असतो तसा आरशाचा कॉम्पॅक्ट, तोच यमाचा दंड. मी वाचता वाचता ओरडले. पुस्तक थोडं लहान मुलांचं आहे, नववी-दहावीच्या पुढं गेलात तर विनोद बालिश वाटतील, आणि महाभारत माहीत असलं की पुढचं आधी कळतं, ते एक नुकसान. पण मला कुणी परीक्षित कोण, वज्र म्हणजे काय हे शेवटच्या पानावर समजवायला न लागता एक इंग्लिश फँटसी वाचता आली, ही मजा वेगळी. गोऱ्या पोरांना पर्सी वाचताना रोज अशी वाटत असेल.

एक सूचना, आठवी-नववीच्या पोरींसाठी, ताई म्हणून. रीलवर जे "अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस" दिसतं ना ते टीन नाही. २०१५ ला आलं तेव्हा टीनच्या रॅकवर ठेवायचे, नंतर २०२० ला नवी कव्हर लावून मोठ्यांच्या रॅकवर नेलं, आणि बरोबर नेलं. मी वाचलं, नाही म्हणत नाही. पण मी ते हॉलमध्ये बसून वाचत होते आणि आई म्हणाली काय वाचतेस, वाच की मोठ्यानं. आयुष्यात इतक्या पटकन मी कधी भाषांतर केलं नसेल, त्या पानावर मी एका परीला स्वयंपाक करायला लावला.

आणि फुटपाथवरची झेरॉक्स पुस्तकं घेऊ नका. मला माहितीय दीडशेला मिळतात, मी पण घेतलीय, त्यात पान २१४ नंतर थेट २४७ होतं आणि त्या मधल्या पानांत एक जण मेला. मला दोन दिवस कळत नव्हतं तो बोलत का नाही.

आता मेकअप, आणि इथं माझी स्वतःची परीक्षा आहे, तांबडा रस्सा टेस्ट. मेकअपवाले व्हिडिओत काय करतात, लिपस्टिक लावून कपाला ओठ टेकवतात आणि म्हणतात बघा, डाग नाही. कप काय करणार? आमच्याकडं तर्री असते. तेल लागलं की भली भली मॅट लिक्विड लिपस्टिक सुटते, कारण ती पाण्याला दाद देत नाही पण तेलात विरघळते, मेकअप काढायला तेल वापरतात ते त्याचसाठी. तर माझा निष्कर्ष असा की रस्सा असेल त्या दिवशी महागातली असो नाहीतर स्वस्तातली, ओठाच्या आतल्या बाजूची जाणारच, फक्त ती जाताना कशी जाते हे बघायचं. काही लिपस्टिक पापुद्रे पडून जातात, भिंतीचा रंग उडाल्यासारख्या, आणि मध्ये भोक आणि कडेला रिंगण. काही हळूहळू फिकट होतात आणि खाली हलका डाग राहतो. दुसऱ्या प्रकारची घ्या, क्रेयॉनसारखी असते ती किंवा साधी बुलेट, म्हणजे नेहमीची कांडीवाली. लावायची, टिश्यूनं टिपायची, बोटानं थोडी पावडर, परत लावायची. ही ट्रिक फुकट आहे.

ही ट्रिक मी आजीला मोठ्या कौतुकानं दाखवली तर तिनं मलाच गप्प केलं. म्हणाली आम्ही कुंकू लावायच्या आधी मेण लावायचो, मेणाची डबी वेगळी आणि पिंजरेची वेगळी, आधी बोटानं मेणाचा गोल काढायचा आणि त्यावर पिंजर, मग शेतात दिवसभर घाम आला तरी कुंकू जागचं हलत नव्हतं. म्हणजे प्राइमर, मेकअप टिकावा म्हणून त्याच्या आधी लावतात तो! हे लोक आता पाचशेला छोटी बाटली विकतात आणि आजीकडं मेणाची डबी होती. आईच्या पिढीत चिकटवायची टिकली आली आणि ते सगळं गेलं, आणि आमच्या बाथरूमचा आरसा बघितलात तर कळेल की त्या टिकल्या कुठं जातात.

लॅक्मेची गोष्ट पण आजीलाच सांगितली. १९५२ साली टाटांनी काढली ती कंपनी, आणि नाव एका फ्रेंच ऑपेरावरून, आणि ते फ्रेंच नाव म्हणजे आपली लक्ष्मीच, त्यांच्या तोंडात बसेल अशी. आजी म्हणाली, "मग लक्ष्मीच म्हणायचं की, तोंड वाकडं कशाला करायचं."

काजळात मी मेबेलिनचं कोलोसल वापरते, आणि ते पण पसरतंच, पण पसरायला चार तास घेते. डोळ्याखाली आधी पावडर लावा म्हणजे पांडासारखं होत नाही. सनस्क्रीनचं मात्र मला मनापासून बोलायचंय. जी सनस्क्रीन लावल्यावर मी शाडूच्या गणपतीसारखी दिसते, रंग द्यायच्या आधीच्या, ती मी का लावू? झिंक ऑक्साइडनं तसा पांढरा थर येतो, तर सावळ्या पोरींनो जेल किंवा टिंट असलेली, म्हणजे थोडा रंग मिसळलेली, बघा. आणि एसपीएफच्या, म्हणजे ऊन किती अडवते त्या डबीवरच्या आकड्याच्या, मागं लागून जास्त पैसे घालवू नका, ३० असेल तर साधारण ९७ टक्के किरणं अडवते आणि ५० असेल तर ९८, फरक एका टक्क्याचा. खरा फरक किती लावता त्याचा आहे, आपण सगळे चटणीसारखी बोटाच्या टोकावर घेतो.

अजून एक. डबीच्या मागं उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यात १२एम नाहीतर ६एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने. माझ्या मावसबहिणीचा मस्कारा तिच्या दहावीपासूनचा आहे, ती आता बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मी वापरतो की, काय होत नाही," म्हणते. डोळा सुजल्यावर मग आमच्याकडं आली गॉगल मागायला. हे एवढं एक टिकवू नका प्लीज.

तर पाचशेचं काय झालं. दुसऱ्या रविवारी परत गेलो. दुकानातल्या काकांना म्हटलं टेस्टर आहे काय, म्हणाले आहे पण ओठाला नाही लावायचा ताई, हातावर बघा, हे मला आवडलं, कारण बाकी ठिकाणी कुणीपण कुणाच्यापण ओठाची लावून बघतंय. एकशे ऐंशीला विटेच्या रंगाची मिळाली. आणि "क्रुकेड किंगडम", सिक्स ऑफ क्रोजचा दुसरा आणि शेवटचा भाग, जुन्या पुस्तकांच्या दुकानात अडीचशेला, पानं पूर्ण आहेत, तिथंच उभी राहून मोजली. सत्तर रुपये उरले त्याचं दोघींचं आइस्क्रीम.

पुस्तकाचं अजून सांगत नाही, अर्ध्यात आहे. लिपस्टिकचं सांगते. काल खालच्या काकूंकडं बारसं होतं, आईनं जाताना हळूच माझी कंपासपेटी उघडली आणि तीच लिपस्टिक लावली, मला न विचारता. तिकडं मसालेभात, भजी, जिलेबी, सगळं जेवून तीन तासांनी परत आली. आल्या आल्या आरशासमोर उभी राहिली, ओठ असे दाबून बघितले, आणि म्हणाली, "टिकली की गं!"

मी बघितलं. लिपस्टिक टिकली होती. कपाळावरची टिकली मात्र काकूंच्या बाळाच्या गालावर राहिली होती, हे थोड्या वेळानं काकूंचा फोन आला तेव्हा कळलं.